फोटो हलला का? शटरचं एक साधं गणित

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी किनवटहून बोलतोय. नांदेड जिल्ह्याचं हे उत्तरेकडचं टोक. पैनगंगा, सागवानाचं जंगल, पलीकडे यवतमाळ आणि थोडं पुढं गेलं की तेलंगणातलं आदिलाबाद. ज्यांनी हे गाव पाहिलं नाही त्यांनी नंदीग्राम एक्स्प्रेसच्या स्टेशनांमध्ये तरी नाव वाचलं असेल.

आजचा विषय छोटा वाटेल. हातात धरून काढलेला फोटो हलतो का आणि तो हलू नये म्हणून शटर स्पीड किती ठेवायचा. पण या छोट्या गोष्टीपायी माझ्या घरातला एक फोटो कायमचा गेलाय. तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मी तेव्हा एका स्टुडिओत हाताखाली काम शिकत होतो. घरचं लग्न, म्हणून दादांकडून कॅमेरा मागून आणला होता. दादा म्हणजे स्टुडिओवाले. गोरज मुहूर्त उशिरा लागला, जेवणं उरकेपर्यंत अंधार पडला आणि पाठवणीच्या वेळेला मांडवात दोन ट्यूबलाईट आणि लांबवर एक हॅलोजन, एवढाच उजेड. आजी काठी टेकत टेकत ताईजवळ आली. तिच्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आजूबाजूची सगळी माणसं रडत होती, आजी तेवढी हसत होती.

मी लांब उभा होतो. झूम लेन्स लावलेली. सात फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या बारक्या पडद्यावर सगळे झकास दिसले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर उघडले तर सातही हललेले. आजीच्या चेहऱ्याच्या जागी दोन-दोन रेघा. डोळा कुठला, सुरकुती कुठली, कळेना.

दादांनी फोटोची माहिती उघडली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. एक छेद पंधरा. म्हणाले, "झूम येवढा केलास आन् शटर पंधरावर? झूम वाढला की शटर बी वाढलं पायजे, येवढं एक ध्यानात ठेव."

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आजी गेली. ताईसोबतचा तिचा तेवढाच फोटो होता.

तर आज दादांचं ते एक वाक्य नीट उलगडून सांगतो. कॅमेरा असो की मोबाईल, गणित तेच आहे.

आधी आजाराचं नाव

फोटो अस्पष्ट आला की आपण सरसकट म्हणतो, "हलला." पण अस्पष्ट होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. तुमच्या गॅलरीतला एखादा बिघडलेला फोटो आत्ता उघडा आणि मोठा करून बघा.

पहिला प्रकार. फोटोतलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं. माणूस, भिंत, खुर्ची, सगळं. लांबवरच्या दिव्याचा ठिपका बघितला तर त्याची छोटी रेघ किंवा आकडा झालेला असतो. इथं तुमचा हात हललाय.

दुसरा प्रकार. भिंत, खुर्ची स्वच्छ आहे आणि फक्त माणूस किंवा त्याचा हात पुसट आहे. इथं तुमचा हात ठीक होता, समोरचा हलला.

तिसरा प्रकार. ज्याचा फोटो काढायचा तो पुसट, पण त्याच्या मागचं झाड किंवा पुढचा हार एकदम स्पष्ट. हा फोकस चुकलाय. शटर कितीही वाढवा, काही उपयोग नाही.

आणि चौथा, ज्याचा कुणालाच संशय येत नाही. सगळा फोटो धुकट, दिव्यांभोवती पसरट उजेड. लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा आहे. शर्टाच्या मऊ टोकानं पुसा आणि परत काढा. हसू नका, मोबाईलचे कितीतरी फोटो याच कारणानं बिघडतात.

शटरचा आकडा म्हणजे काय

शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडू दिला ती वेळ. १/६० म्हणजे एका सेकंदाचे साठ भाग केले, त्यातला एक भाग. १/५०० म्हणजे पाचशे भागांतला एक. म्हणजे खालचा आकडा मोठा, तितकी वेळ कमी. कॅमेऱ्यावर पुष्कळदा नुसतं "६०" किंवा "५००" दिसतं, तेव्हा वरचा एक मनात धरायचा.

तेवढ्या वेळात जे काही हलेल ते फोटोत पसरणार. दार जेवढा वेळ उघडं राहील तेवढी धूळ घरात येणार, तसंच आहे हे.

आणि आपला हात सतत हलत असतो. श्वास चालू असतो, हृदय ठोके देत असतं, बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो. पुतळा झालात तरी थोडा हलणारच.

आता नियम

हाताने धरून फोटो काढताना शटरचा खालचा आकडा लेन्सच्या मिलिमीटरइतका तरी हवा. ५० मिमी लेन्स असेल तर निदान १/५०, म्हणजे कॅमेऱ्यावर १/६०. २०० मिमी असेल तर निदान १/२००. हा नियम पस्तीस मिमी फिल्मच्या काळापासून चालत आलाय.

तुमचा डीएसएलआर लहान सेन्सरचा असेल, म्हणजे सुरुवातीला घेतात ते बहुतेक, तर मिलिमीटरला दीडने गुणा. ५० चे होतात ७५, म्हणजे १/८०. कॅननच्या लहान सेन्सरला दीडऐवजी १.६.

मोबाईलमध्ये काय? आपल्या फोनचा मुख्य कॅमेरा, ज्याला १ एक्स म्हणतो, तो साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सएवढं दृश्य दाखवतो. मग हिशोब सोपा. १ एक्सला निदान १/३०. २ एक्सला १/६०. ३ एक्सला १/८०. ५ एक्सला १/१२५. १० एक्सला १/२५०. झूम डिजिटल असला, म्हणजे फोन नुसता फोटो कापून मोठा करत असला, तरी हाच हिशोब. कारण फोटो मोठा होतो तेव्हा हललेलंही मोठं होतं.

झूम केल्यावर असं का होतं? एक अंदाजी हिशोब करू. समजा तुमचा हात एका सेकंदात एक अंश कलतो. फोनचा १ एक्स कॅमेरा डावीकडून उजवीकडे सुमारे ७० अंशांचं दृश्य पकडतो आणि फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एका अंशात साधारण ५७ पिक्सेल. १/३० सेकंदात हात जेवढा कलला तेवढ्यात फोटो दोन पिक्सेल सरकला. डोळ्याला कळणार नाही. १/८ ठेवलं तर सात पिक्सेल. आता कळतं.

आता ३ एक्स करा. तेच ४००० पिक्सेल आता जेमतेम २६ अंशांवर पसरले. एका अंशात दीडशेच्या वर पिक्सेल. हात तोच, १/३० शटर तेच, पण फोटो पाच पिक्सेल सरकला. तो परत दोनच्या आत आणायचा तर शटर १/९० च्या आसपास हवं. तीनपट झूम, तीनपट शटर. दादांचं वाक्य तेच सांगत होतं.

पण हात प्रत्येकाचा वेगळा

वरचा नियम म्हणजे किमान पातळी. दगडावरची रेघ समजू नका. माहूरला दत्तशिखराच्या पायऱ्या चढून गेलात आणि लगेच फोन वर केलात तर छाती धडधडत असते, हात थरथरत असतो. तेव्हा १/३० च्या जागी १/१२५ सुद्धा कमी पडू शकतं. दोन मिनिटं बसा, पाणी प्या, मग काढा.

स्वतःचा हात ओळखण्यासाठी एक प्रयोग सांगतो. आज संध्याकाळीच करा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा. फोनचा प्रो मोड उघडा. त्यात शटर किंवा नुसतं "एस" असं लिहिलेलं असतं. आधी १/६० ठेवा, पाच फोटो काढा. मग १/३०, पाच फोटो. मग १/१५, मग १/८. उजेड जास्त-कमी होईल तसा आयएसओ बदला. नंतर सगळे मोठे करून बघा. ज्या आकड्यावर पाचपैकी चार फोटोंत बारीक अक्षरं वाचता येतात, तो तुमच्या हाताचा आकडा. माझा १ एक्सला १/१५ आहे. माझ्या धाकट्या भावाचा १/३०. तो मान्य करत नाही, ही गोष्ट वेगळी.

आयएसओला घाबरू नका

शटर वाढवलं की उजेड कमी पडतो, फोटो काळा येतो. कॅमेऱ्यात लेन्सचं तोंड मोठं करता येतं, म्हणजे अपर्चर. बहुतेक फोनमध्ये ते बदलता येत नाही. मग हातात उरतं आयएसओ. हिशोब सरळ आहे. आयएसओ दुप्पट केलं की शटरची वेळ निम्मी करता येते. आयएसओ ४०० ला १/१५ असेल, तर ८०० ला १/३०, १६०० ला १/६०, ३२०० ला १/१२५ च्या जवळ.

आयएसओ वाढवलं की फोटोत दाणे येतात, हे खरं. त्या भीतीनं कितीतरी पोरं आयएसओ शंभर-दोनशेच्या वर नेतच नाहीत. मीही त्यातलाच होतो. त्या दिवशी मांडवात आयएसओ ४०० वर अडकून बसलो, कारण कुणीतरी सांगितलं होतं की वाढवलं की क्वालिटी जाते. पण दाणेदार फोटोत आजीचा चेहरा दिसला असता. दाणे नंतर थोडे कमी करता येतात. हललेलं मात्र परत जागेवर आणता येत नाही.

फोनमध्ये स्टॅबिलायझर आहे ना?

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. हो, आहे. सर्वसामान्य ग्राहकांच्या कॅमेऱ्यात ही सोय १९९४ साली निकॉनने आणली, १९९५ मध्ये कॅननची स्टॅबिलायझर असलेली लेन्स आली आणि २०१२ मध्ये नोकिया ल्युमिया ९२० या फोनमध्ये ती पहिल्यांदा दिसली. आतला सेन्सर हाताची हालचाल ओळखतो आणि लेन्स उलट दिशेनं सरकवतो. बॉक्सवर "चार स्टॉप" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ शटरची वेळ चार वेळा दुप्पट करता येते. १/६० चे १/३०, मग १/१५, १/८, १/४. कंपनीचा आकडा थोडा कमीच धरून चाला.

पण हे यंत्र फक्त तुमचा हात सांभाळतं. समोर नाचणारा माणूस त्याच्या हातात नाही. नाईट मोडचंही तसंच. तो अनेक फोटो काढून जोडतो, म्हणून मंदिर, चौक, चांदण्यातलं झाड छान येतं. पळणारं पोरगं मात्र भुतासारखं येतं.

दंडारीची रात्र

आमच्या भागात हे शिकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दंडारी. दिवाळीच्या दिवसांत गोंड समाजाची पथकं एका गावातून दुसऱ्या गावात जातात. ढोल, काठ्या आणि मोरपिसांचा भला मोठा टोप घातलेले गुसाडी. रात्री अंगणात फेर धरतात.

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच आदिलाबादच्या गोंड गावांमध्ये १९४० च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ राहिले. त्यांनी इथल्या लोकांवर १९४८ साली मोठं पुस्तक लिहिलं आणि पुष्कळ फोटो काढले. ते फोटो आज लंडनच्या सोआस या संस्थेत जपून ठेवलेत. तेव्हाची फिल्म आपल्या फोनच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मंद होती आणि फोटो कसा आलाय ते धुतल्याशिवाय कळत नव्हतं. आपल्याला लगेच कळतं, तरी आपण मोठा करून बघत नाही.

दंडारीत दोन हालचाली असतात. एक तुमच्या हाताची, दुसरी नाचणाऱ्याची. हातासाठी १/३० पुरेल, पण नाचणाऱ्यासाठी नाही. माझे अंदाजे आकडे सांगतो. उभा राहून बोलणारा माणूस, १/६०. चालणारा, १/१२५. खेळणारं पोर, १/२५०. उडी मारून नाचणारा, १/५००. पोळ्याला उधळलेला बैल, त्याहून जास्त. आणि अशा बैलापासून लांबच राहा.

आता रात्री दोन बल्बच्या उजेडात १/५०० कुठून आणणार? नाही मिळत. मग डोकं लावायचं. प्रत्येक उडीत एक क्षण असा येतो जिथं माणूस वर गेलेला असतो आणि खाली यायच्या आधी थांबल्यासारखा होतो. ढोलाची लय दोन-तीन फेऱ्या नुसती ऐका. क्षण कळायला लागतो. तेव्हा १/१२५ वर सुद्धा चेहरा स्पष्ट येतो आणि मोरपिसं थोडी पसरतात. ते पसरणं छान दिसतं. फोटोत नाच आहे हे त्यावरूनच कळतं.

आणि हो, आधी विचारा. हा त्यांचा सण आहे, देवाचं काम आहे. "काका, फोटो काढू का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा "काढ की" असंच उत्तर येतं. नाही म्हणाले तर फोन खिशात.

एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, पट्टे बहुतेक जातील.

सहस्रकुंडला मुद्दाम मंद

कधी कधी शटर मुद्दाम मंद ठेवायचं असतं. पावसाळ्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंडला पैनगंगा खडकांवरून कोसळते. १/१००० ला तिथं एकेक थेंब गोठलेला दिसतो. १/४ किंवा त्याहून मंद ठेवलं तर पाणी दुधाच्या सायीसारखं दिसतं. पण १/४ ला खडकही हलून चालणार नाही. म्हणून फोन कठड्यावर किंवा पिशवीला टेकवून ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. भर दुपारी हे जमणार नाही, फोटो पांढराफटक येईल. ढग असताना किंवा दिवस मावळताना करा. आणि कृपा करून धारेजवळच्या ओल्या खडकांवर उतरू नका. लांबून काढलेला फोटो चांगला, आणि घरी आलेलं पोर त्याहून चांगलं.

ट्रायपॉड नसलेल्यांसाठी

हात स्थिर करायला पैसे लागत नाहीत. फोन दोन्ही हातांनी धरा. कोपरं बरगड्यांना टेकवा. खांब, लिंबाचं झाड, दाराची चौकट, जे असेल त्याला खांदा टेकवा. खाली बसलात तर कोपर गुडघ्यावर ठेवा. अर्धा श्वास सोडा, थांबा, मग बटण. पडद्यावर टोचण्यापेक्षा आवाजाचं बटण हलकं दाबा. एकाच्या जागी तीन-चार फोटो सलग काढा. पहिल्यात बोट दाबल्याचा धक्का असतो, शेवटच्यात बोट उचलल्याचा. मधला पुष्कळदा स्वच्छ निघतो.

तुमच्या फोनमध्ये प्रो मोड नसेल तर तीन गोष्टी करा. झूम सोडा आणि चालत जवळ जा. उजेडाकडे सरका किंवा माणसाला सरकवा. आणि काढल्याबरोबर फोटो मोठा करून डोळे बघा. गॅलरीत फोटोची माहिती उघडली की शटर किती होतं ते लिहिलेलं सापडतं. रोज दोन फोटोंचं बघितलं तर महिन्याभरात आकडे अंगवळणी पडतात.

परत मांडवात

आता त्या सात फोटोंचा हिशोब पूर्ण करतो. लेन्स १०० मिमीवर होती, स्टॅबिलायझर नव्हता, कॅमेरा लहान सेन्सरचा. शंभर गुणिले दीड, म्हणजे १/१५० तरी हवं होतं. कॅमेऱ्यावर १/१६०. माझं होतं १/१५. दहापटीहून मंद. आयएसओ ४०० चं ३२०० केलं असतं तर शटर १/१२० च्या आसपास आलं असतं. तरी १०० मिमीला थोडं कमीच. पण चार पावलं पुढं जाऊन झूम ५५ वर आणला असता तर १/८० पुरलं असतं, आणि हातात १/१२० होतं. म्हणजे एक बटण आणि चार पावलं. मी पुढं गेलो नाही, कारण रडणाऱ्या माणसांच्या मध्ये जायचा संकोच वाटला. आपलीच माणसं होती.

मागच्या वर्षी ताई माहेरी आली होती. म्हणाली, "आजीचा तो फोटो दे ना मला." मी म्हणालो, "ताई, तो हललाय गं." ती म्हणाली, "असू दे. आजी हाय ना त्यात, बास." मी त्यातल्या त्यात बरा निवडला आणि अगदी लहान, पोस्टकार्डाएवढा छापला. लहान छापला की हललेलं कमी दिसतं. हेही गणितच आहे. तो तिच्या देवघराशेजारी लावलेला आहे. लांबून बघितलं तर आजी हसताना दिसते. जवळ गेलं की रेघा दिसतात. मी जवळ जात नाही.

तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर या आठवड्याचा गृहपाठ एवढाच. त्यांच्याजवळ जाऊन बसा. खिडकीच्या उजेडात, झूम न करता, १/६० किंवा वर. चार फोटो काढा आणि तिथंच मोठे करून डोळे स्पष्ट आहेत का ते बघा. नसतील तर परत काढा. ते नाही म्हणणार नाहीत. उलट म्हणतील, "थांब, केस नीट करू दे."

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत लेन्स पुसत राहा.